हान्स पीटर लून

हान्स पीटर लून (१ जुलै १८९६ – १९ ऑगस्ट १९६४) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन अभियंते आणि माहितीशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होते. बँकेच्या कार्डाचा क्रमांक लिहिताना झालेली चूक ओळखणारी गणिती रीत त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. माहितीशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यांचे अधिक मोठे कार्य वेगळे आहे. नवा लेख ज्या अभ्यासकाच्या उपयोगाचा असेल, त्याला त्याची वर्दी यंत्राने आपण होऊन द्यावी, अशी योजना त्यांनी १९५८ साली मांडली. संशोधनपत्रिकांतील नव्या लेखांविषयीच्या आजच्या सूचनासेवांचे, म्हणजेच अलर्टचे, मूळ या योजनेत आढळते.

प्रारंभिक जीवन

लून यांचा जन्म जर्मनीतील बार्मेन येथे झाला. हे गाव आता वुपर्टाल शहरात समाविष्ट आहे. त्यांचे वडील मुद्रण व्यवसायात होते. वडिलांचा व्यवसाय पुढे चालवावा या हेतूने लून स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन येथे मुद्रणकला शिकण्यास गेले. पहिल्या महायुद्धामुळे शिक्षणात खंड पडला आणि त्यांनी जर्मन सैन्यात संदेशवहन अधिकारी म्हणून काम केले. १९२४ साली वस्त्रोद्योगाच्या निमित्ताने ते अमेरिकेत गेले व तेथेच स्थायिक झाले. कापडाच्या विणीतील धाग्यांची संख्या मोजणारे ‘लूनोमीटर’ हे साधन त्यांनी याच काळात तयार केले. आयुष्यभरात त्यांनी ८० हून अधिक पेटंटे मिळवली.

आयबीएममधील कार्य

१९४१ साली लून आयबीएम या कंपनीत संशोधन अभियंता म्हणून रुजू झाले. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही रसायनशास्त्रज्ञांनी, आपल्या विषयातील वाढत्या नोंदींतून हवी ती नोंद यंत्राने शोधता येईल का, अशी विचारणा कंपनीकडे केली. तेव्हापासून लून यांचे लक्ष ग्रंथालये आणि संशोधनसाहित्य यांच्याकडे वळले. छिद्रे पाडलेली कार्डे विद्युत्नेत्राच्या साहाय्याने तपासणारे यंत्र त्यांनी तयार केले. संगणकाच्या स्मृतीत माहिती जलद सापडावी यासाठी आज सर्वत्र वापरली जाणारी ‘हॅशिंग’ ही पद्धत त्यांनी १९५३ साली सुचवली. क्रमांक तपासण्याच्या रीतीसाठी त्यांनी १९५४ साली अर्ज केला आणि १९६० साली त्यांना तिचे पेटंट मिळाले.

सारांश आणि निर्देशसूची

दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधनलेखांची संख्या झपाट्याने वाढत होती. माणसांनी सारांश लिहावेत, ते छापून यावेत आणि मग अभ्यासकाने ते चाळावेत, या क्रमात बराच काळ जाई. दुसऱ्याने आधीच केलेले काम पुन्हा करत बसण्याची वेळ त्यामुळे संशोधकावर येण्याचा संभव असे.

१९५८ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात लून यांनी संगणकाकडून सारांश करवून घेण्याची रीत सांगितली. लेखात वारंवार येणारे, परंतु अगदी सामान्य नसलेले शब्द प्रथम निवडावेत आणि असे शब्द ज्या वाक्यांत दाटीने येतात ती वाक्ये उचलावीत, असे तिचे स्वरूप होते. त्यामुळे सारांशातील वाक्ये मूळ लेखकाचीच राहत.

त्याच वर्षी त्यांनी शीर्षकांतील शब्दांवर आधारलेली ‘क्विक’ निर्देशसूची पुढे आणली. हर्बर्ट ओलमन यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशीच पद्धत सुचवली होती. समजा, एखाद्या लेखाचे शीर्षक ‘वारकरी संप्रदायातील अभंगांची भाषा’ असे आहे. अशा सूचीत तो वारकरी, संप्रदाय, अभंग आणि भाषा या चारही शब्दांखाली, शेजारच्या शब्दांसह सापडतो. सूची करणाऱ्याला लेख वाचावा लागत नसल्याने ती फार लवकर तयार होते. शीर्षक मोघम असेल तर मात्र लेख हाती लागत नाही, ही तिची उणीव होय. अमेरिकेतील केमिकल अॅब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस या संस्थेने ‘केमिकल टायटल्स’ हे नियतकालिक याच पद्धतीने काढले.

निवडक माहितीप्रसारण

ऑक्टोबर १९५८ मधील लेखात लून यांनी संपूर्ण व्यवस्थेचा आराखडा दिला. प्रत्येक वाचकाच्या आवडीच्या विषयांची शब्दरूप नोंद, म्हणजे प्रोफाइल, यंत्रात ठेवायची. नवा लेख आला की त्यातील महत्त्वाचे शब्द सर्व प्रोफाइलांशी ताडून पाहायचे आणि पुरेसे साम्य आढळल्यास त्या वाचकाला कळवायचे. वाचकाने मूळ लेख मागवला तर त्याची आवड यंत्राला समजे आणि प्रोफाइलमध्ये त्यानुसार बदल होई. जुन्या आवडींचे महत्त्व कालांतराने कमी होत जावे, अशीही तजवीज त्यात होती. लेख वाचावा की नाही हा निर्णय मात्र वाचकाचाच राही. तोपर्यंत वाचक ग्रंथालयाकडे प्रश्न घेऊन जात असे. या योजनेत प्रश्न विचारण्यापूर्वीच माहिती वाचकाकडे येणार होती. ग्रंथालयशास्त्रात ही सेवा ‘निवडक माहिती प्रसारण सेवा’ या नावाने शिकवली जाते.

अखेरची वर्षे आणि प्रभाव

लून १९६१ साली आयबीएममधून निवृत्त झाले. १९६४ साली ते अमेरिकन डॉक्युमेंटेशन इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी न्यू यॉर्क राज्यातील आर्मांक येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर वर्षभरातच युजीन गारफील्ड यांच्या संस्थेने संशोधकांना नव्या लेखांची नियमित वर्दी देणारी संगणकीय सेवा सुरू केली. आज पबमेड, गूगल स्कॉलर यांसारख्या ठिकाणी वाचक शोधशब्द नोंदवून ठेवतो आणि नवे लेख ई-मेलने त्याला कळवले जातात. अशा सेवांची एक मर्यादाही आहे. नोंदवलेल्या शब्दांपलीकडचा, वेगळ्या परिभाषेत लिहिलेला लेख त्यांच्या कक्षेत येत नाही. फार व्यापक शब्द दिला तर सूचनांचा इतका ढीग साचतो की त्या न वाचताच राहतात. त्यामुळे आपली नोंद वेळोवेळी तपासून बदलत राहणे आजच्या वाचकालाही आवश्यक ठरते.