गणित कच्चं असूनही मायकेल फॅरेडे विद्युतचुंबकत्व कसा शिकला?

अकरावी-बारावीत विद्युतचुंबकत्वाचा धडा आला की बऱ्याच जणांचं एकच रडगाणं असतं: गणित कच्चं आहे, जमणार नाही. फॅरेडेचंही गणित कच्चंच होतं, आणि तेही कायमचं.

जन्म 1791, लंडनजवळ. वडील लोहार, घरात गरिबी. शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी तो एका बुकबाइंडरकडे उमेदवारी करू लागला आणि बांधणीला आलेली पुस्तकंच वाचायला लागला. विजेची ओळख त्याला अशीच, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामधून झाली. 1812 मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. पठ्ठ्याने सगळ्या नोट्स सुवाच्य लिहिल्या, आकृत्या काढल्या, स्वतः बांधल्या आणि डेव्हीलाच पाठवल्या! 1813 मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला मदतनिसाची नोकरी लागली.

1820 मध्ये ओर्स्टेडने दाखवलं की तारेतल्या प्रवाहामुळे होकायंत्राची सुई हलते. फॅरेडेने इतरांचे प्रयोग नुसते वाचले नाहीत, ते स्वतः करून पाहिले. 1821 मध्ये पाऱ्यात बुडवलेली तार त्याने चुंबकाभोवती गोल फिरवली. विजेची मोटार म्हणतात तिची ही सुरुवात.

मग उलटा प्रश्न: चुंबकापासून वीज मिळेल का? इथे तो जवळजवळ दहा वर्षं अडकला. 29 ऑगस्ट 1831 ला त्याने लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी, दुसऱ्याला गॅल्व्हानोमीटर. बॅटरी जोडताना सुई हलली. तोडताना पुन्हा हलली, पण उलट्या दिशेला. मधल्या वेळात? शून्य. प्रवाह मस्त वाहतोय, चुंबकत्वही आहे, तरी सुई ढिम्म! पेपरात मुलं नेमकी इथेच चुकतात. चुंबकीय क्षेत्र जोरदार असून भागत नाही, वेटोळ्यातून जाणारं क्षेत्र *बदलायला* हवं. ऑक्टोबरमध्ये त्याने नुसता चुंबक वेटोळ्यात आत-बाहेर करून हेच दाखवलं.

तुमच्या वायरलेस चार्जिंगच्या पॅडमध्ये एक वेटोळं असतं, दुसरं फोनच्या पाठीत. पॅडमधला प्रवाह सेकंदाला लाखाहून जास्त वेळा दिशा बदलतो, म्हणूनच दुसऱ्यात वीज तयार होते.

हे सगळं त्याने समीकरणांशिवाय समजून घेतलं. चुंबकाभोवती लोहकीस टाकला की दिसणाऱ्या वक्ररेषा, त्याच त्याच्या बलरेषा. वेटोळं किती रेषा कापतं यावर तो विचार करायचा. (सूत्रात टाकण्याआधी वहीत या रेषा काढून बघा, लेन्झच्या नियमातली दिशासुद्धा सोपी जाते.) रोज काय केलं, काय फसलं, सगळं तो लिहून ठेवायचा. त्याच्या नोंदींचे क्रमांक 16,041 पर्यंत गेले.

बड्या गणितींना या रेषा फारशा पटल्या नव्हत्या. पण तरुण मॅक्सवेलने त्या गांभीर्याने घेतल्या, गणितात मांडल्या आणि 1865 मध्ये प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लहर असल्याचा सिद्धांत छापला. फॅरेडे तेव्हा थकला होता, स्मरणशक्ती साथ देत नव्हती. दोन वर्षांनी, 25 ऑगस्ट 1867 ला, तो गेला.