मामाचं वावर कर्जात गेलं अन् गाडगेबाबा गावोगाव सांगत फिरले

अंगावर चिंध्यांची गोधडी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात फुटकं गाडगं. गाडगेबाबांचं हे रूप सगळ्यांना माहीत आहे. गावात स्वच्छता अभियान निघालं की त्यांचाच फोटो लागतो. पण बाबा कर्जाविरुद्धही तेवढ्याच तळमळीनं बोलायचे, हे आपण विसरलो. त्यामागं घरचीच गोष्ट होती.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घर परिटाचं. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला माहेरी आली. डेबू मामाची गुरं राखायचा. मोठा झाल्यावर नांगर धरला. गड्यासारखा राबला.

मामा चंद्रभानजींनी सावकाराकडून पैसे घेतले होते. घरात कुणाला वाचता येत नव्हतं. सावकारानं कागदावर काय लिहिलं ते कळायला मार्ग नव्हता. पैसे भरत गेले, पण कर्ज काही सरेना. शेवटी पिकतं वावर सावकाराच्या घशात गेलं. त्या धसक्यानं मामा गेले. राबणारा माणूस घरात असूनही जमीन गेली, हे डेबूजींनी डोळ्यांनी पाहिलं.

पुढं डेबूजींना मुलगी झाली. बारशाला भाऊबंदांना मटण अन् दारू द्यायची रीत होती. ऐपत नसली तर लोक उसनवारी करून ती पाळायचे. डेबूजींनी ती मोडली अन् पंगतीला गोड जेवण वाढलं. भाऊबंद रुसले. पण ते मागं हटले नाहीत.

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. दिवसा गाव झाडायचं अन् रात्री कीर्तन करायचं, असं आयुष्यभर चाललं. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारायचे अन् उत्तरं काढून घ्यायचे. सांगणं साधं होतं. सण, लग्न, तेरवी कर्ज काढून करू नका. देवाला बकरं कापू नका. दारू सोडा. जेवायला ताट नसलं तर भाकर हातावर घेऊन खा, लुगडं हलकं घ्या, पण लेकरांना शाळेत घाला. वाचता न आल्यानं मामाचं काय झालं, हे ते विसरले नव्हते.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन गाव आहे. तिथं पौषात यात्रा भरते. यात्रेकरूंना चिखल तुडवत नदीवर जावं लागायचं. बाबांनी तिथं घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा उभ्या केल्या. लोकांनी लाखो रुपये दिले, पण बाबांनी स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ प्रवासातच ते गेले. मागं गाडगं, काठी अन् गोधडी.

आता सावकाराची वही गेली अन् मोबाईलवर हप्ता आला. लग्नसराईत मंडप मोठा, डीजे मोठा, अन् पुढची तीन वर्षं सोयाबीनचे पैसे व्याजात. पेरणीसाठी कर्ज घ्यावं लागतं, ते कुणाला चुकलं नाही. पण मिरवण्यासाठीचं चुकवता येतं. माल विकला की थोडे पैसे बाजूला टाकायचे, जमले की वस्तू आणायची. तोवर जुन्यावर भागवायचं. बाबांच्या फोटोला हार घालण्यापेक्षा हे अवघड आहे. पण वावर वाचतं ते यानंच.