अंगणातली शाळा

वर्तकनगरात आम्ही 'अंगणवाडी' हा शब्द रोज ऐकतो. वजनकाटा, लस, खाऊ असे चित्र त्यासरशी डोळ्यांपुढे येते आणि शब्द सरकारी वाटतो. पण तो रुजला आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला, ताराबाई मोडकांमुळे.

ताराबाई १८९२ साली मुंबईत जन्मल्या, १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. राजकोटचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणात रमल्या. शहरात नाव झालेले असताना, पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षण केंद्र काढले. अनुताई वाघ सोबतीला होत्या. बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. मग ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली! आधी आंघोळ, नखे, केस, मग गाणी-गोष्टी. माँटेसरीची महागडी साधने परवडणार कशी? शंख-शिंपले, बिया, पाने यांवर भागले. पुढे कोसबाडला वारल्यांची मुले गुरांमागे जात, तेव्हा शिक्षक कुरणात गेले. मला हे पाऊल त्यांच्या पद्मभूषणापेक्षा (१९६२) मोठे वाटते.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू केली. त्यात मेळघाटातले धारणीही होते. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण एका छपराखाली आले. त्या छपराला नाव मिळाले अंगणवाडी.