स्वतः मॅट्रिक झाले नाहीत, पण गावोगावी हायस्कूल नेलं : कर्मवीर भाऊराव पाटील

सातपूर : सकाळी इथल्या एमआयडीसीत चक्कर मारा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, दिंडोरीकडची पोरं काम शोधत फिरताना दिसतील. पिशवीत दहावी-बारावीचं मार्कशीट असतं. कंपनीत मार्क कोणी फारसं विचारत नाही, हाताला काय येतं ते विचारतात. तिथं बरीच पोरं गप्प होतात. मग दहा वर्षं शाळेत जाऊन शिकलो काय, हा प्रश्न घरी आई-बापालाही पडतो.

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका माणसाला पडला होता, आणि तो नुसता बोलत बसला नाही. २२ सप्टेंबरला त्यांची जयंती असते. शाळेत फोटोला हार घातला जातो. पण त्यांनी नेमकं केलं काय, हे नव्या पोरांना माहीत असायला हवं.

भाऊराव पाटलांचा जन्म १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. घराणं जैन, शेतकरी. कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात शिकायला गेले आणि जैन बोर्डिंगात राहिले. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला ते गेले, आणि परत आल्यावर विटाळ झाला म्हणून अंघोळ करायला त्यांनी साफ नकार दिला. बोर्डिंगातून बाहेर काढलं गेलं. अभ्यासातही फार पुढे गेले नाहीत, मॅट्रिक राहूनच गेली.

पुढे पोटासाठी सातारला शिकवण्या घेतल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. नंतर ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकायला खेडोपाडी हिंडले. या हिंडण्यातच त्यांनी खेडं आतून पाहिलं. पोरं हुशार, पण गावात शाळा नाही. शहरात पाठवायचं तर राहायची सोय नाही आणि फीला पैसा नाही.

४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ ला संस्था सातारला आणली आणि बोर्डिंग सुरू केलं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला. स्वयंपाकही पोरांनीच करायचा. १९२७ ला महात्मा गांधींनी या बोर्डिंगाला भेट दिली आणि त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं.

हे सगळं फुकट झालं नाही. बोर्डिंगात धान्य संपलं की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई अंगावरचा डाग मोडायच्या. शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० ला त्या वारल्या. सोन्याच्या घरातून आलेल्या या बाईने दुसऱ्यांच्या लेकरांसाठी गळा मोकळा केला, हे विसरून चालणार नाही.

१९४० ला सातारला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. फी नाही. त्याबदल्यात पोरांनी कष्ट करायचे. शेतात राबायचं, माती-दगड वाहायचे, इमारत बांधायला हात लावायचा. ही झाली कमवा आणि शिका योजना. यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पोरांना मजूर करायचं म्हणून हे काम नव्हतं. दिवसा कुदळ धरणाऱ्या पोराला रात्री पुस्तक उघडावंच लागायचं. नुसतं पुस्तक शिकलेला माणूस कष्टाला लाजतो, आणि नुसता राबणारा दुसऱ्याच्या हुकमात राहतो. भाऊरावांना एकाच पोरात दोन्ही हवं होतं. याच बोर्डिंगातून पी. जी. पाटील शिकले, बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावानं १०१ हायस्कूलं काढायचा संकल्प भाऊरावांनी सोडला. १९५९ ला त्यांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी. लिट. मिळाली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला विद्यापीठानं डॉक्टर केलं. त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले.

आज हायस्कूल गावात आहे, सायकलवर जाता येतं. ही लढाई भाऊरावांसारख्यांनी जिंकून दिली. पण आत काय शिकवायचं, ती लढाई अर्धीच राहिली. वर्कशॉपला, शेतीच्या तासाला अजून दुय्यम मानलं जातं. आयटीआयला जाणारा पोरगा म्हणजे अभ्यासात कच्चा, असं आपणच म्हणतो. सातपूरला सरकारी आयटीआय आहे. जवळच गंगापूर धरणाच्या बाजूला मुक्त विद्यापीठ आहे, तिथून कामावर असतानाही पदवी घेता येते. दोन्ही दारं उघडी आहेत.

पुढच्या पालक सभेला गेलात तर टक्केवारीबरोबर एवढं जरूर विचारा, की आमच्या पोराला हातानं काय येतं, आणि वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का. या दोन्हीचं उत्तर हो आलं, तर शाळा खरी.