ओ. व्ही. राइट : विखुरलेल्या तबकड्यांतला आवाज

मेम्फिसच्या सोल संगीताचा विषय निघाला की ओटिस रेडिंग, अल ग्रीन ही नावे आठवतात. ओव्हर्टन व्हर्टिस राइट हे नाव मागे राहते. 1939 साली टेनेसी राज्यात जन्मलेल्या राइट यांचा गळा गॉस्पेल या भक्तिगायनात घडला. 1964 मध्ये त्यांनी गोल्डवॅक्स या छोट्या कंपनीसाठी ‘दॅट्स हाउ स्ट्राँग माय लव्ह इज’ हे गीत गायले. पाठोपाठ रेडिंग यांनीही ते गायले आणि बहुतेकांनी ते त्यांचेच मानले.

जुन्या कराराच्या आधारे डॉन रॉबी यांनी राइट यांना आपल्या बॅकबीट कंपनीकडे ओढून घेतले. तेथे विली मिचेल यांच्या साथीने त्यांची उत्तम गीते आकाराला आली. ‘एट मेन, फोर विमेन’ या 1967 च्या गीतात प्रियकर स्वप्नात न्यायालयात उभा राहतो. प्रेम हाच त्याचा अपराध. कृष्णवर्णीय श्रोत्यांनी ही गीते उचलून धरली, इतरत्र मात्र ती फारशी पोहोचली नाहीत.

पुढे अमली पदार्थांचे व्यसन आणि तुरुंगवास वाट्याला आला. 16 नोव्हेंबर 1980 रोजी, अवघ्या 41 व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. विखुरलेल्या तबकड्यांतली त्यांची निवडक गीते 1992 च्या ‘द सोल ऑफ ओ. व्ही. राइट’ या संग्रहात एकत्र आली. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला मात्र 2008 साल उजाडावे लागले. चाहत्यांनी आधी त्यांचा आवाज जपला, मग नाव कोरले.