विश्लेषण : रद्दीतल्या जुन्या पाकिटाची किंमत कशी ओळखायची? धुळ्यात विसावलेले राजवाडे काय पाहत असत?

जळगाव-धुळ्यात जुन्या घराची आवराआवर निघाली की भांडी भंगारात जातात आणि कागद रद्दीत. त्या गठ्ठ्यांत तिकीट लावलेली जुनी पाकिटं हमखास निघतात. मग प्रश्न एकच, याचे किती येतील? आणि पहिली चूकही इथेच होते. तिकीट कापून ठेवलं जातं, पाकीट फेकलं जातं.

असेच गठ्ठे शोधत आयुष्यभर वणवण केलेला एक माणूस धुळ्यात अखेरचा विसावला, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. त्यांनी गोळा केलेल्या बहुतेक पत्रांवर तिकीटच नव्हतं. भारतभर चालणारी टपाल तिकिटं आली १८५४ मध्ये. त्याआधीची मराठ्यांची पत्रं जासूद घेऊन जात. तरीही त्या कागदांचं मोल राजवाड्यांनी ठरवलं. कसं?

कोण होते राजवाडे?

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म २४ जून १८६३ चा. पुण्यात डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. काही काळ शिक्षकाची नोकरी केली. पत्नी लवकर वारली, त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचं ते मराठीतच, असा त्यांचा बाणा होता.

वाईला पेशवेकाळातल्या पत्रांचं दप्तर हाती लागलं आणि आयुष्याची दिशाच बदलली. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१, म्हणजे पानिपतापर्यंतच्या काळातली पत्रं आहेत. पुढे खंडांची संख्या २२ वर गेली. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं, त्यातही ते पुढे होते. मात्र मतभेद झाले आणि ते मंडळापासून दूर गेले.

फिरणं सोपं नव्हतं. स्वयंपाक स्वतःचा स्वतः. जुना कागद म्हणजे वतनाचा पुरावा, त्यामुळे अनेक घराणी दप्तर दाखवायलाच कचरत. कुठे वाळवीने आधीच हात मारलेला, कुठे कागद वाण्याकडे पुड्या बांधायला गेलेले.

कागद वाचायचा कसा?

खरी कसोटी तारखेची. जुन्या मराठी पत्रांत पुष्कळदा महिना आणि चंद्र किंवा तिथी असते, सालच नसतं. मग पत्रात कोणाचं नाव आहे, फौजेचा मुक्काम कुठे आहे, कोणत्या स्वारीचा उल्लेख आहे, हे जुळवून साल काढावं लागे. राजवाड्यांनी हे शेकडो पत्रांबाबत केलं. काही साली नंतरच्या अभ्यासकांनी दुरुस्तही केली. शिवाय पत्र कोणत्या घराण्याच्या दप्तरातलं, हेही महत्त्वाचं. एकटा कागद मुका असतो, जुडग्यातला बोलतो.

पाकिटाचंही तसंच आहे. तिथे साल सांगायचं काम टपालाचा शिक्का करतो. शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर असतो. तिकीट कापलं की तारीख आणि गाव दोन्ही तुटतात. शिक्का पुसट असेल तर पत्ता वाचा. ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ लिहिलं असेल तर पाकीट बहुधा १९०६ ते १९६० च्या सुमाराचं, कारण १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. अर्थात लोक सवयीने जुनं नाव पुढेही लिहीत. तिकिटाची किंमत आण्यांत असेल तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधी छापलेलं, त्या दिवशी नवे पैसे आले. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं.

पैशांचं बोलायचं तर व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘एका तिकिटाचे लाखो’वाले मेसेज सोडून द्या. पंचम आणि सहाव्या जॉर्जची रोजच्या वापरातली तिकिटं इतकी छापली गेली की सुट्या तिकिटाला फारसा भाव नाही. भाव वाढतो तो स्पष्ट शिक्का, अखंड पाकीट, आतलं पत्र आणि पाठवणाऱ्याची ओळख यांमुळे. चिकटपट्टी लावणं, लॅमिनेशन करणं टाळा. आणि गठ्ठा फोडून विकू नका. एकाच घरातली, एकाच माणसाला आलेली वीस पाकिटं बाजारात कदाचित किरकोळ ठरतील, पण त्या घराचा कापसाचा व्यापार किंवा मुलांचं शिक्षण त्यांतूनच कळतं.

धुळे कुठे आलं?

शेवटच्या काळात राजवाडे धुळ्यात आले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांनी जमवलेले कागद पुन्हा रद्दीत जाऊ नयेत, ही काळजी धुळेकरांनी घेतली. १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांचा संग्रह तिथे जपला गेला आणि मंडळाने ‘संशोधक’ हे नियतकालिकही चालवलं.