पाळणा कोणाच्या आज्ञेने हलावा?

राष्ट्राच्या मनुष्यबळाविषयी व्यासपीठावरून पुष्कळ बोलले जाते. परंतु ते ज्या स्त्रीच्या देहातून जन्माला यायचे, तिची संमती क्वचितच विचारली जाते. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे आयुष्य हा प्रश्न विचारण्यात खर्ची पडले.

महर्षी कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र १८८२ साली जन्मले. गणिताचे प्राध्यापक असतानाच १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. या कार्यापायी विल्सन महाविद्यालयातील नोकरी गेली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी पदराला खार लावून अखेरपर्यंत चालविले. पत्नी मालतीबाईंची त्यांना साथ होती. दोघांनी स्वेच्छेने अपत्य होऊ दिले नाही.

तो काळ स्वातंत्र्यचळवळीचा होता. दारिद्र्याचे मूळ परकीय सत्तेत आहे, वाढत्या संततीत नव्हे, असे अनेक पुढारी सांगत. गांधीजींना संयमावाचून दुसरा मार्ग मान्य नव्हता. अष्टपुत्रा होण्याच्या परंपरागत आशीर्वादाला अशा रीतीने नव्या राजकारणाचेही पाठबळ लाभले, आणि कर्वे यांच्या वाट्याला अश्लीलतेचे खटले आले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. तरी निकाल विरुद्धच गेला. १९३८ साली आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. तोही फेटाळला गेला.

कर्वे १९५३ साली निवर्तले. त्याच सुमारास पहिल्या पंचवार्षिक योजनेने कुटुंबनियोजन स्वीकारले होते. पुढे वारे उलटे फिरले. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले; त्याचा कायदा झाला नाही, तरी आणीबाणीतील सक्तीने कुटुंबनियोजन हा शब्दच लोकांच्या मनातून उतरला. २०२४ साली आंध्र प्रदेश व तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी पुन्हा अधिक अपत्यांची भाषा केली. त्यामागे वृद्धांच्या वाढत्या संख्येची, तशीच लोकसभेतील जागांचीही चिंता होती.

अपत्ये कमी हवीत म्हणणारा आणि अधिक हवीत म्हणणारा, हे दोघेही एकच चूक करतात : घराचा निर्णय ते शिरगणतीच्या वहीत मांडतात. कर्वे यांनी ज्ञान आणि साधने दिली, आज्ञा दिली नाही. त्यांचा वारसा सांगणाऱ्या राज्याने एवढा भेद तरी विसरू नये.